फ्रेंच चित्रातले लुगडे

हे लिहायला बसलो याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. ज्या वयात लिहिणारी माणसे लेखणी खाली ठेवतात त्या वयात मी ती प्रथमच उचलत आहे, आणि तीही अशा विषयासाठी, ज्यातले मला फारसे कळत नाही. माझे शिक्षण धातुशास्त्राचे, पुण्यात झाले. त्यानंतरची सारी वर्षे पेट्रोकेमिकल कारखान्यांतले पाइप आणि टाक्या कुठे झिजल्या, कुठे गंजल्या हे पाहण्यात गेली. या काळात मी लिहिले ते फक्त तपासणीचे अहवाल, आणि ते इंग्रजीत. अशा अहवालात ‘मी’ नसतो. ‘असे आढळून आले’ एवढेच असते. त्यामुळे ‘मी पाहिले’, ‘मला वाटले’ असे लिहिताना आपण कुणाच्या तरी खुर्चीवर न विचारता बसलो आहोत असे वाटत राहते. एक गोष्ट मात्र मनात अडकून बसली आहे आणि तिच्याबद्दल विचारावे असे माणूस जवळपास नाही. म्हणून हा उपद्व्याप.

आम्ही कुवेतमध्ये फिंतासला राहतो, समुद्राच्या बाजूला. आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध फ्रेंच बाई राहत असत. इथल्या एका खासगी शाळेत त्यांनी अनेक वर्षे फ्रेंच शिकवले होते. सारी इमारत, अगदी रखवालदारसुद्धा, त्यांना ‘मादाम’ म्हणत असे. मीही तेच म्हणतो. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांची नोकरी संपली, इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची, मुदत सप्टेंबरअखेरची होती, आणि त्या कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. त्यांचा माझा परिचय लिफ्टपुरता. एकदा त्यांनी विचारले होते, आपण काय करता? घाईत मला योग्य शब्द सुचला नाही आणि मी म्हणालो, “मी गंज पाहतो.” हे उत्तर त्यांच्या चांगलेच लक्षात राहिले असावे, कारण सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मला घरी बोलावले आणि टेबलावर एक मोठे, जुने, कापडी पाठीचे बाड उघडले.

आमचे बोलणे इंग्रजीत होत असे. इथे ते मराठीत देतो.

“तुम्ही गंजाचे डॉक्टर ना?”

“डॉक्टर नाही, मादाम. तपासनीस.”

“मग तपासा. माझ्या वडिलांची चित्रं आहेत. गंजू लागली आहेत.”

बाडात चित्रांचे सुटे कागद होते. जाड, किंचित पिवळसर कागदांवर काळ्या रेषांनी काढलेली, अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराची चित्रे. त्याचे नाव मादामनी सांगितले होते. ते इथे लिहीत नाही, कारण माझ्या उच्चारावर माझा भरवसा नाही. प्रत्येक कागदावर पुरातन इमारतींचे भग्नावशेष होते: अर्ध्या पडलेल्या कमानी, मातीत रुतलेले खांब, छपरावर उगवलेली झाडे, आणि त्यांच्या पायथ्याशी वावरणारी लहान लहान माणसे. या सगळ्यावर इथे तिथे तपकिरी ठिपके पडले होते. वृद्ध माणसाच्या हातावर पडतात तसे.

मी भिंगातून पाहिले. कागदात लोखंडाचे कण राहिले असतील आणि ते दमट हवेने गंजले असतील, किंवा ती बुरशी असेल. मी तसे सांगितले.

“दोन्हींतलं कुठलं?”

“मला माहीत नाही.”

“या देशात इतकी वर्षं काढली,” मादाम म्हणाल्या, “पण ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारा इंजिनियर आज पहिल्यांदा भेटला.”

हा टोमणा होता की कौतुक, हे मी अजून ठरवलेले नाही.

ती चित्रे लेखणीने काढलेली आहेत असे मी समजलो होतो. तसे नव्हते. मादामनी सांगितले ते असे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेणाचा लेप द्यायचा आणि लेपावर सुईने चित्र काढायचे. सुई जाईल तिथले तांबे उघडे पडते. मग पत्रा आम्लात ठेवायचा आणि उघडे पडलेले तांबे आम्लाला खाऊ द्यायचे. दूरच्या रेषा फिकट हव्या असतील तर पत्रा लवकर बाहेर काढून त्या पुन्हा झाकायच्या. जवळच्या रेषा आणखी वेळ खाऊ द्यायच्या. शेवटी खाचांत शाई भरून ओल्या कागदावर दाबून छाप घ्यायचा. पुढे मी कोशात पाहिले. मराठीत याला अम्लरेखन म्हणतात.

यातली प्रत्येक पायरी मला समजली, आणि माझा गोंधळ नेमका तिथेच सुरू झाला. माझ्या व्यवसायात आम्लाने धातू खाल्ला की त्याला हानी म्हणतात. किती खाल्ला, किती उरला, उरलेला आणखी किती काळ टिकेल, हे सांगण्याचा मला पगार मिळतो. इथे एका माणसाने आम्लाने किती वेळ खायचे ते स्वतः ठरवले होते आणि त्याच्याकडून ढग, गवत आणि सावल्या काढून घेतल्या होत्या. मी त्या ढगाकडे कितीतरी वेळ पाहत राहिलो. तांब्यावर असा ढग दिसला असता तर मी तो पत्रा बदलायला सांगितला असता.

मादामच्या घरात सामान बांधणारी माणसे येत-जात होती, खोक्यांची धूळ उडत होती आणि एका खोलीचा एसी बंद पडला होता. निघेपर्यंत बाड माझ्या घरी ठेवावे, सवडीने डाग पाहावेत, असे त्या म्हणाल्या. मी नाही म्हणायला हवे होते. पण समोरच्या माणसाला नाही म्हणणे मला आजवर जमलेले नाही. बाड वर आले. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर घालून मी एकेक कागद पाहू लागलो.

डाग पाहता पाहता मी चित्रेही पाहू लागलो आणि मला ती मुळीच उमगेनात. पडायला आलेल्या कमानीखाली बायका निवांतपणे धुणे वाळत घालत होत्या. दोन खांबांना दोरी बांधली होती. एक गाय पुतळ्याच्या तुटक्या पायापाशी बसली होती. एक माणूस काठीने वर कुठेतरी काहीतरी दाखवत होता आणि त्याच्याकडे कुणीही पाहत नव्हते. मी असतो तर त्या कमानीखाली लाल फीत लावून रस्ता बंद केला असता. आमच्याकडे दोषाचे छायाचित्र घेताना शेजारी पट्टी किंवा पेन ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे आकार कळतो. त्या धोरणाने ही माणसे काढली असावीत असे मी धरून चाललो, माणसावरून खांबाची उंची काढली आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मादामना सांगितले, “तिसऱ्या चित्रात मोजमाप चुकलं आहे.”

“कसलं?”

“माणूस नेहमीच्या उंचीचा धरला, तर खांब आमच्या कारखान्याच्या धुराड्याएवढा होतो.”

त्या इतक्या हसल्या की त्यांचा मजला निघून गेला. “अहो, माणसं बारीक काढली की खांब मोठा दिसतो. तो खरोखर मोठा असायची गरज नाही.”

“मग हे ठिकाण आहे तरी कुठे?”

“कुठेही नाही. तो तरुणपणी रोमला गेला होता, तिथं खूप रेखाटनं केली. मग कमान इथली, खांब तिथले, असं जोडत बसला.”

“आणि माणसं?”

“माणसं तर सगळीच मनातली.”

हे ऐकून मी वर आलो. नसलेल्या गावातल्या नसलेल्या माणसांवरचे डाग तपासत बसणे मला जरा विचित्र वाटू लागले होते.

आता माझ्या पत्नीविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण ही हकीकत खरे तर तिची आहे. ती इथल्या एका कंपनीत अकाउंट्स पाहते. ती मराठवाड्यातल्या एका लहान गावची. लग्नानंतर तिची बोली बरीचशी आमच्या नाशिकची झाली. पण माहेरचा विषय निघाला की तिची क्रियापदे आपसूक गावी जातात. त्या संध्याकाळी ती कामावरून आली, पर्स खुर्चीला अडकवली आणि माझ्या खांद्यावरून टेबलाकडे पाहू लागली.

“काय बघायलात इतकं?”

“डाग.”

“डाग सोडा. ही बाई बघा. काष्टा घातलाय हिनं.”

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, एका खचलेल्या कमानीपाशी, कमरेवर घागर घेतलेली एक बाई पाठमोरी उभी होती. मान किंचित वर करून ती कमानीच्या तुटक्या टोकाकडे पाहत होती. तिचे वस्त्र दोन पायांतून मागे नेऊन कमरेला खोचल्यासारखे दिसत होते.

“तो काष्टा नव्हे. रोमन पद्धतीचं काही वस्त्र असेल.”

“असू दे रोमन. मागं खोचलंय की नाही? पोटऱ्या उघड्या आहेत की नाही? लुगडंच आहे हे.” मग ती थोडी वाकली. “आमची आई आडावर अशीच उभी राहायची.”

त्या बोलण्याचा अर्थ मला ठाऊक होता.

तिची आई ती शाळेत जायच्या आधीच वारली. आईचा एकही फोटो नाही. कुणी कधी काढलाच नाही. वडील पुढे पुष्कळ वर्षे जगले, त्यांचा फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. आईची मात्र तिच्याजवळ एकच आठवण आहे, आणि ती मी लग्नापासून ऐकत आलो आहे. आई आडावर पाठमोरी उभी आहे. कमरेवर घागर आहे. ती वर आभाळात काहीतरी पाहते आहे. पाखरू असेल, विमान असेल. ही लहान मुलगी तिला हाक मारते. आई वळणार, एवढ्यात आठवण संपते.

मी भिंग घेतले. हे मी का केले ते सांगता येणार नाही. हाताला सवय होती. भिंगाखाली ती बाई उरली नाही. नुसत्या रेषा उरल्या, काही जाड, काही बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या. लुगडे म्हणजे आठ-दहा तिरप्या रेघा होत्या. डोके म्हणजे एक वळण.

“चेहरा नाही,” मी म्हणालो. “गालाची एक रेघ आहे. बाकी कोरा कागद.”

“मला तरी कुठं आठवतो चेहरा?” ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

त्या दिवसापासून ती कामावरून आली की आधी टेबलाशी जाऊन उभी राहू लागली. हात लावत नसे. चहाचा कप दूर धरून पाहत असे. पितृपक्ष सुरू झाला होता. एका सकाळी पोळ्या करता करता तिने सांगून टाकले की यंदा अविधवा नवमीला आईच्या नावाने पाटावर सुपारीशेजारी हे चित्रही ठेवायचे.

ज्यांच्या घरी ही चाल नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचे श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात, त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात आणि तिची ओटी भरतात. फोटो नसेल तर सुपारी मांडतात. माझी पत्नी इतकी वर्षे सुपारीच मांडत आली होती. कुवेतमध्येही तिने हे चुकवले नाही.

“चित्र दुसऱ्याचं आहे,” मी म्हणालो.

“म्हणून तर विचारायचं.”

“कोण विचारणार?”

तिने माझ्याकडे नुसते पाहिले आणि पोळी उलटली.

याच दिवसांत एक नवा पेच माझ्यापुढे उभा राहिला होता. डागांची नोंद पुरी व्हावी म्हणून मी प्रत्येक कागदाची छायाचित्रे घेत होतो, आणि ती घेताना माझ्या ध्यानात आले की ती पाठमोरी बाई एकाच चित्रात नाही. दुसऱ्या एका कागदावर ती उजव्या बाजूला होती, उलट दिशेला तोंड करून. घागर तीच, मानेचा बाक तोच. आणखी एका कागदावर तेच शरीर, तीच खोचलेली निरी. पण हातात घागरीऐवजी काठी आणि किंचित वळलेल्या चेहऱ्याला दाढी. चित्रकाराने एकदा जमलेली आकृती जागोजागी वापरली होती. कमानी वापरल्या तशीच.

हे पत्नीला सांगावे की नाही? अहवालात मी ते पहिल्या ओळीत लिहिले असते. पण तिने एका बाईत आई पाहिली होती आणि ती आई आता तीन नसलेल्या गावांत उभी होती, त्यांतल्या एका गावात पुरुष होऊन. सांगितले तर तिच्या हातातले काहीतरी काढून घेतल्यासारखे झाले असते. न सांगितले तर ती चुकीच्या गोष्टीला नमस्कार करणार. पण मग बरोबर गोष्ट कोणती? सुपारी? या प्रश्नाशी मी अडलो आणि कागद पुन्हा बाडात ठेवून दिले.

दरवर्षी आमच्याकडे सवाष्ण म्हणून शेजारच्या एगैलाहून एका पुणेकर इंजिनियरची पत्नी येत असे. यंदा ती मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. नवमी कामाच्या दिवशी आल्याने ओळखीच्या इतर बायकांनाही सुट्टी मिळेना.

“मादामना बोलावते,” पत्नी म्हणाली.

“त्या फ्रेंच आहेत.”

“असेनात. सवाष्ण आहेत का तेवढं विचारते.”

“असं कसं विचारणार?”

“तोंडानं.”

आणि ती खरोखर खाली गेली. मी मागोमाग गेलो, कारण न जाणे अधिक वाईट दिसले असते. तिचे मादामशी बोलणे हिंदी आणि इंग्रजीच्या मिश्रणात चालते आणि कसे कोण जाणे, त्या दोघींना ते पुरते. मादाम दारातच उभ्या होत्या, हातात चिकटपट्टीचे रीळ.

“मादाम, तुमचे मिस्टर आहेत ना?”

“आहे. पण माझ्याजवळ नाही. लियाँला असतो. बरीच वर्षं झाली.”

“घटस्फोट?”

“तो घ्यायचा कंटाळा केला आम्ही दोघांनी.”

“हयात आहेत ना पण?”

“असावा. नाताळला त्याचं कार्ड येतं.”

“मग झालं. मंगळवारी दुपारी जेवायला या. कांदा-लसूण नाही.” आणि त्याच दमात, “तुमच्यातलं एक चित्र त्या दिवशी पाटावर मांडलं तर चालेल?”

मादामनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या चपलांकडे पाहिले.

“कशासाठी?”

“आईसाठी.”

“तुमच्या आईला चित्रं आवडायची?”

“नाही,” पत्नी म्हणाली. “ती त्यात आहे.”

मादाम थोडा वेळ रिळाचे टोक नखाने शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, “मांडा.”

केळीच्या पानांसाठी शुक्रवारी आम्ही जलीबला जाऊन आलो. तिथल्या मल्याळी दुकानात ती मिळतात. मंगळवारी पत्नीने रजा घेतली, मीही घेतली. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, आमसुलाची चटणी झाली. बाल्कनीत घास ठेवला. आमच्या बाजूला कावळा सहसा येत नाही. दोन साळुंक्या आल्या आणि वडा घेऊन गेल्या. पत्नी म्हणाली, चालतं.

भिंतीशी पाट मांडला. चित्र मी पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिले होते; तेवढीच माझी कामगिरी. सुपारीला गंध-अक्षता झाल्या. मादाम खुर्चीवर बसून पाहत होत्या, कारण त्यांचे गुडघे वाकत नाहीत. मग पत्नीने करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतले आणि हात चित्राकडे नेला.

मी पाटाकडे एक पाऊल पुढे टाकले, हे कबूल केले पाहिजे. प्लास्टिक होते, कागदाला काही होणार नव्हते, तरीही टाकले. पण बोट टेकले नाही. ते त्या बाईच्या डोक्यापाशी गेले आणि तिथेच थांबले. थोडे डावीकडे गेले, पुन्हा मध्ये आले.

“पाठमोऱ्या बाईला कुंकू लावायचं कुठं?” तिने मला विचारले. जणू चित्र मी काढले होते.

आईसाठी घेतलेले कुंकू परत करंड्यात टाकणे बरे दिसले नसते. ती उठली, मादामच्या खुर्चीपाशी गेली आणि तेच बोट त्यांच्या कपाळावर टेकले. मादामनी डोळे मिटून घेतले होते. ते त्यांना कुणी सांगितले नव्हते.

जेवण झाले. मादामनी खीर दोनदा मागून घेतली आणि आमसुलाची चटणी चवीपुरतीच खाल्ली. ओटी भरायला पदर नव्हता. त्यांनी गळ्यातला रेशमी रुमाल सोडून पुढे पसरला आणि पत्नीने त्यात नारळ, खण आणि तांदूळ घातले. मग त्या पाटाजवळ आल्या, चष्मा वर केला, आणि माझ्या मनात ज्याची भीती होती ते घडले.

“ही होय? ही दुसऱ्या दोन पानांवरही आहे. तुमच्या यजमानांनी दाखवलं नाही?”

पत्नीने माझ्याकडे पाहिले. “तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“मग?”

“एका ठिकाणी तिला दाढी आहे,” मी म्हणालो.

याहून बरे वाक्य सुचायला हवे होते. मादाम हसू लागल्या, मग पत्नीचा चेहरा पाहून थांबल्या. पत्नी मात्र रागावली नव्हती. तिने ते दोन्ही कागद मागितले. मी बाडातून काढून दिले. तिने ते चटईवर ओळीने ठेवले आणि एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिली: कमान, खांब, पायऱ्या, पलीकडे दिसणारे पाणी.

“बरं झालं,” शेवटी ती म्हणाली. “गावाबाहेर कधी गेलीच नव्हती ती.”

दाढीबद्दल ती काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मादामना या वाक्याचे भाषांतर मी करून दिले. त्या खुर्चीत परत बसल्या आणि म्हणाल्या, “ठेवून घ्या. हवं ते पान. हवी तर तिन्ही. मला मूलबाळ नाही. माझ्या पुतण्याला यातलं काही कळत नाही.”

मला वाटले, झाले. जे मला तोंड उघडून कधी मागता आले नसते ते आपल्या पावलांनी घरात आले. मी पत्नीकडे पाहिले. तिने हात जोडले आणि मान हलवली.

“नको, मादाम.”

“का?”

“आज तुम्ही सवाष्ण म्हणून आलात. आज तुम्हाला द्यायचं असतं. तुमच्याकडून घ्यायचं नसतं.”

“मग उद्या घ्या.”

“बघू,” पत्नी म्हणाली. ‘बघू’ चा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको; मादामना मी तो सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी पत्नीने तिन्ही कागद बाडात घातले, फीत बांधली आणि मला म्हणाली, “देऊन या.” मी बाड हातात घेऊन उभा राहिलो.

“त्यांनी आपणहून दिलं होतं. आता नवमी नाही. घ्यायला काय हरकत आहे?”

ती भांडी पुसत होती. हातातली वाटी तिने आतून-बाहेरून पुसली. मग म्हणाली, “भिंतीवर लावलं असतं. रोज बघितलं असतं. थोड्या दिवसांनी आडावरची आई आठवायला गेले असते, तर हीच आठवली असती. मग ती कुठं गेली असती?”

“पण तूच म्हणालीस, ती त्यात आहे.”

“म्हणले. होतीच.” तिने वाटी जागेवर ठेवली. “तुम्ही जाता का आता?”

मी गेलो. मादामना बाड दिले, सोबत डागांचा अहवाल दिला. त्यात शेवटी लिहिले होते: डागांचे कारण निश्चित होऊ शकले नाही. त्यांनी तो वाचून, घडी घालून बाडात ठेवला. चित्राबद्दल त्यांनी पुन्हा विचारले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांची खोकी गेली, मग त्या गेल्या. पत्नीने त्यांना विमानतळावर न्यायला डब्यात बेसनाचे लाडू दिले होते.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. इतक्या दिवसांत पत्नीने त्या चित्राचा विषय काढला नाही. मी मात्र काही ना काही वाचत राहिलो: भग्न वास्तू मुद्दाम कल्पून काढण्याची त्या काळात रीत होती, माणसे शोभेसाठी घालत, इत्यादी. वाचून माझा गोंधळ कमी झाला नाही. ज्याने ती बाई काढली त्याने काष्टा पाहिला नव्हता, आड पाहिला नव्हता, मराठवाडा पाहिला नव्हता. त्याच्या मनात ती कोण होती कुणास ठाऊक. कदाचित कुणीच नसेल. तरीही माझ्या पत्नीने ती पहिल्या नजरेतच ओळखली, हे माझ्यासमोर घडले आहे आणि ते मला खोडून काढता येत नाही.

यंदाचा पितृपक्ष तोंडावर आला आहे. एगैलाची मैत्रीण पुण्याहून परत आली आहे, त्यामुळे सवाष्णीचा प्रश्न नाही. परवा पत्नी पूजेचे डबे काढून पुसत होती. सुपाऱ्यांचा डबा हातात घेऊन म्हणाली, “यंदा सुपारीच मांडायची.” आणि मग माझ्याकडे पाहत थोडी थांबली. मी “हो” म्हणालो. तरी ती आणखी थोडी थांबली, मग डबा कपाटात ठेवला.

डागांसाठी घेतलेली छायाचित्रे माझ्या संगणकावर आहेत. पाठमोऱ्या बाईचे त्यांत आहे, स्पष्ट, घागरीच्या काठासकट. ते आहे हे पत्नीला ठाऊक नाही; ती कामावर असताना मी ते घेतले होते. छापायला पाच मिनिटे लागतील. छापले तर जी आठवण वाचवायला तिने मिळालेले चित्र परत केले, ती माझ्या हातून पुसली जाईल. न सांगितले तर आईचे चित्र जवळ असून मी तिला सुपारी मांडू देईन. आणि परवा ती थांबली, ती मी काही बोलावे म्हणून थांबली की दमली होती म्हणून, हेही मला कळलेले नाही. आयुष्यभर मी जे दिसले ते सांगितले आहे. या वेळी सांगावे की नाही, हेच ठरत नाही. नवमीला अजून थोडे दिवस आहेत. माझ्या जागी तुम्ही असता तर ते छायाचित्र तिला दाखवले असते का?